दुकान वाढवलं

“पूजा झाल्यावर गुरुजींनी नारळ मोठा केला,” कौस्तुभने स्क्रीनवरचं इंग्रजी वाक्य मराठीत फिरवून मोठ्याने वाचलं आणि आमची अख्खी रांग हसली.

मूळ वाक्य साधं होतं. ‘पूजा झाल्यावर गुरुजींनी नारळ वाढवला.’ आमच्या मशीनने त्याचं इंग्रजी केलं होतं, ‘द प्रीस्ट एन्लार्ज्ड द कोकोनट.’

बाणेरला चौथ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. एका भाषेतलं बोलणं दुसऱ्या भाषेत करून देणारं ॲप तिथे तयार होत होतं आणि त्याला मराठी शिकवायला आम्ही तिघं होतो. मी मराठीत एम. ए. केलेली, म्हणजे नोकरीच्या बाजारात निव्वळ शोभेची वस्तू. मराठीच्या जोरावर वातानुकूलित ऑफिसात खुर्ची मिळते हे कळल्यावर मला आभाळ दोन बोटं उरलं होतं. काम असं होतं की स्क्रीनवर वर मराठी वाक्य यायचं, खाली मशीनचं इंग्रजी आणि त्याखाली तीन बटणं: बरोबर, चूक, सांगता येत नाही. दिवसाला सहाशे वाक्यं. तिसरं बटण फार वेळा दाबलं तर कौस्तुभ खुर्चीपाशी येऊन उभा राहायचा.

कौस्तुभ आमचा प्रमुख. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, स्वभावाने चांगला आणि कायम घाईत.

“पण वाढवणे म्हणजे फोडणे कसं काय?” त्याने मला विचारलं.

“नारळ फोडला म्हणायचं नाही. अशुभ वाटतं. तसंच बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. संध्याकाळी दुकान बंद केलं म्हणत नाहीत, वाढवलं म्हणतात.”

“आणि खरंच वाढलं तर?”

“तेही वाढलंच.”

“म्हणजे तुमच्या घरात एखादी गोष्ट वाढली की तुम्हाला कळतच नसेल, मोडलीय की मोठी झालीय.”

परत सगळे हसले. मीही हसले. नारळाचं वाक्य मी दुरुस्त करून दिलं आणि त्या शुक्रवारी माझ्या टेबलावर कोणीतरी शेंडीवाला नारळ ठेवून त्यावर चिठ्ठी चिकटवली, ‘कृपया मोठा करू नये.’ गमतीचे दिवस होते ते. तसं तेव्हा वाटायचं.

मला त्या शब्दाची एवढी खात्री असण्याचं कारण आमचं घर. आम्ही कासार. फलटणला बाजारपेठेतल्या एका बोळात अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, बांगड्यांचं दुकान होतं, ‘श्रीकालिका बांगडी भांडार’. भाड्याची जागा. खाली दुकान, वर एक खोली आणि मोरी. आई गेल्यावर अप्पा त्या खोलीत एकटे राहायचे. चाळीस वर्षं त्या गादीवर बसून त्यांनी गावातल्या बायकांचे हात भरले. बाईने बोळात पाय ठेवला की तिचं मनगट बघून ते माप सांगायचे. सासुरवाशिणींच्या हाताची हाडं कामाने रुंद झालेली असायची. अप्पा तळहात दाबून, अंगठा आत दुमडून, बोलण्यात गुंतवून काचेची बांगडी अशी चढवायचे की बाईला कळायचंही नाही. बांगड्या भरून झाल्या की बाई कासाराला वाकून नमस्कार करते. अप्पा प्रत्येकीला म्हणायचे, “अखंड राहा.”

ज्या घरात दिवसभर काच हाताळली जाते त्या घरात ‘फुटली’ हा शब्द काढायची सोय नव्हती. लहानपणी माझ्या हातून डझनाचा डबा पडला तेव्हा मी ओरडले, “अप्पा, सगळ्या फुटल्या.” अप्पांनी काचा उचलायच्या आधी मला तो शब्द परत घ्यायला लावला होता.

रोज रात्री सव्वाआठला अप्पांचा मेसेज यायचा. ‘दुकान वाढवलं. जेवून घे.’ सहा वर्षं, एकही दिवस न चुकता. मी उलट अंगठ्याचं चित्र पाठवायची. कधी कधी मेसेज न उघडताच, वरच्या वर. काय लिहिलंय ते माहीतच असायचं.

माझा मोठा भाऊ, दादा, बंगळुरूला. त्याची बायको लेखा मल्याळी. दादा आणि ती एकमेकांशी इंग्रजीत बोलतात. लग्नानंतर ती पहिल्यांदा फलटणला आली तेव्हा अप्पांनी तिचे दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरले. ती हरखून गेली. पण सासऱ्याला सुनेशी बोलायचं होतं आणि सुनेला सासऱ्याशी, आणि दोघांच्या मध्ये एकही सामाईक भाषा नव्हती. ती सोय मी केली. ऑफिसात सांगितलंच होतं, ॲप घरच्यांच्या फोनवर टाका, त्यांच्याकडून वापरून घ्या. मी अप्पांच्या आणि लेखाच्या फोनवर ते टाकून दिलं. अप्पा फोन तोंडाजवळ धरून मराठीत बोलायचे, तिकडे लेखाला इंग्रजी दिसायचं. ती इंग्रजीत लिहायची, इकडे अप्पांना मराठी. मूळ शब्द बघायचे असतील तर खाली बारीक राखाडी अक्षरात एक ओळ होती. तिच्यावर बोट ठेवायला कोणी जात नसे.

अप्पा ग्राहकांना अभिमानाने सांगायचे, “आमच्या रेवतीचं मशीन हाय. सुनंशी बोलतो मी त्याच्यावर.”

पहिल्याच महिन्यात लेखाने लिहिलं की भांडी घासताना माझ्या दोन बांगड्या गेल्या. मशीनने अप्पांना सांगितलं, ‘माझ्या दोन बांगड्या फुटल्या.’ अप्पांनी मला फोन केला. सुनेला काही बोलायचं नव्हतं त्यांना, पण घास घशाखाली उतरत नव्हता. मग मी लेखाला आमचा शब्द शिकवला. तिने तो पाठ केला आणि इतका मनावर घेतला की सगळ्यालाच लावायला लागली. एकदा व्हिडिओ कॉलवर स्वतःच्या तोंडाने म्हणाली, “अप्पा, माझा मिक्सर वाढला.”

अप्पांना हसू आवरेना. “पोरगी गुणाची हाय,” ते मला म्हणाले. “शब्द जपती.”

त्या वर्षीच्या दिवाळीत आम्ही सगळे फलटणला होतो. अप्पांचा उजवा हात थरथरायला लागला होता. चहाची बशी धरली की कपाचा आवाज यायचा. दादा म्हणाला, “अप्पा, पुरे आता. बंगळुरूला चला. खोली केलीय तुमच्यासाठी, खिडकीतून नारळाचं झाड दिसतं.”

कोणाकडे जाऊन राहायचं म्हणजे त्यांच्या लेखी लहान गोष्ट नव्हती. शेवटी म्हणाले, “दुकान हाय तोवर मी कुठं येतोय. दुकान वाढवलं की कळवतो. मग तुम्ही बोलवा, लगेच येतो.”

“बोलवायचं काय त्यात? तुमचंच घर आहे.”

“तसं न्हाई. कळवतो मी. तुम्ही ‘या’ म्हणायचं. मग येतो.”

माझ्या लक्षात आहे, दादाने लेखाला हे इंग्रजीत समजावून सांगितलं. दुकान बंद केलं की ते येणार आहेत, आपण फक्त ‘या’ म्हणायचं. लेखाने लगेच दोन्ही हात पुढे करून म्हणून दाखवलं, “या, या.” सगळे हसलो.

डिसेंबरात ॲपची नवी आवृत्ती यायची होती. ऑफिसात नुसती धावपळ. सहाशेची नऊशे वाक्यं झाली. तेव्हा एके दिवशी माझ्या स्क्रीनवर चार शब्दांचं वाक्य आलं. ‘त्यांनी आज दुकान वाढवलं.’ खाली इंग्रजी, ‘दे एक्स्पांडेड द शॉप टुडे.’ मी ‘चूक’ दाबलं. अर्ध्या तासाने ते वाक्य फिरून माझ्याकडे आलं, कारण बाकीच्या दोघांनी ‘बरोबर’ दाबलं होतं. मागोमाग कौस्तुभही आला.

“यात चूक काय आहे?”

“दुकान बंद केलं असा अर्थ आहे.”

“कशावरून? मागचं-पुढचं वाक्य नाही. एखाद्याने शेजारचा गाळा घेऊन दुकान मोठं केलं तर तो हेच म्हणेल ना?”

“म्हणू शकतो.”

“मग चूक कसं?”

“मग ‘सांगता येत नाही’ दाबते.”

“रेवती, तुझी या आठवड्यातली ‘सांगता येत नाही’ बघितलीस का? मशीनला काहीतरी एक सांगावं लागतं. तुला मराठी इतकं येतं म्हणून तर तुला घेतलं.”

त्याचं अगदीच चुकत नव्हतं, हे आजही मी मान्य करते. त्या चार शब्दांवरून खरंच सांगता येत नव्हतं. पण मला भांडायचा कंटाळा आला होता, हेही तितकंच खरं. मी ‘बरोबर’ दाबलं. आम्ही दाबलेलं त्याच रात्री घरच्यांच्या फोनवरच्या ॲपमध्ये जायचं. पुढचं वाक्य कुठल्याशा पाणीपुरवठ्याबद्दल होतं.

त्यानंतरच्या बुधवारी आमची मीटिंग चालू होती. फोन टेबलावर पालथा होता, तो थरथरला. मी कडेने उचलून बघितलं. अप्पांचा मेसेज. ‘दुकान वाढवलं. जेवून घे.’ मी अंगठा पाठवला आणि फोन पुन्हा पालथा ठेवला.

दुपारचे साडेचार वाजले होते. ते मी बघितलं होतं. इतक्या लवकर कसं, असं क्षणभर मनात आलंही. वीज गेली असेल, कोणाच्या लग्नाला जायचं असेल. समोर कौस्तुभ फळ्यावर काहीतरी लिहीत होता, तिकडे लक्ष गेलं.

त्यानंतर सव्वाआठचे मेसेज बंद झाले. ते मला कळलं नाही. अकरा दिवस कळलं नाही. आवृत्ती बाहेर पडली, ऑफिसात केक कापला, मी दोन दिवस झोपून काढले. रोजचा मेसेज न उघडता अंगठा पाठवणाऱ्या माणसाला मेसेज आलाच नाही हे कशावरून कळणार?

कळलं ते लेखाच्या फोनवरून. रविवारी सकाळी तिने मला इंग्रजीत विचारलं, “अप्पा माझ्यावर रागावलेत का? दीड आठवडा माझ्या एकाही मेसेजला उत्तर नाही. फोन केला तर ‘ठीक, ठीक’ म्हणतात आणि ठेवतात.”

“काही झालं का?”

“काहीच नाही. उलट मी त्यांचं अभिनंदन केलं. त्यांनी दुकान मोठं केल्याचं कळवलं होतं ना.”

“कुठलं दुकान मोठं केलं?” मी म्हटलं.

तिने फोनचा फोटो काढून पाठवला. तिच्या पडद्यावर अप्पांचा मेसेज इंग्रजीत होता. त्याचा अर्थ असा होत होता: आज मी नवरीच्या हातात तीन बांगड्या जास्त घातल्या. मग दुकान मोठं केलं. तुम्हाला सांगितलं होतं कळवीन म्हणून, ते कळवतो आहे.

मी तिला राखाडी ओळीवर बोट ठेवायला सांगितलं. मूळ मराठी आलं. ‘आज नवरीच्या हातातल्या तीन बांगड्या वाढवल्या. मग दुकान वाढवलं. सांगितलं होतं कळवीन म्हणून. कळवतो.’

लेखाला देवनागरी वाचता येत नव्हती. “काय लिहिलंय? मला वाचून दाखव,” ती म्हणाली.

मी वाचलं. ‘वाढवल्या’पाशी तिने मला थांबवलं. तो शब्द तिला येत होता. माझ्याइतका येत होता, मिक्सरलासुद्धा लावून झाला होता. पण मशीनने तो तिच्यापर्यंत पोचूच दिला नव्हता. आणि मशीनला तसं करायला मी शिकवलं होतं.

“तू काय उत्तर दिलंस?” मी विचारलं.

ती रडायला लागली होती. तिने लिहिलं होतं, वा अप्पा, अभिनंदन, या वयात! मग बंगळुरूला आता वाट बघावी लागणार म्हणा. काही घाई नाही. दादालाही तिने इंग्रजीतच सांगितलं होतं की अप्पांनी दुकान एक्स्पांड केलं. दादाने एक्स्पांड ऐकलं आणि चिडला. इथे खोली रिकामी पडलीय आणि यांना सत्तराव्या वर्षी धंदा वाढवायचाय, म्हणाला. दोन दिवस धुसफुसत होता. म्हणून त्यानेही फोन केला नाही.

मी स्वारगेटला जाऊन मिळेल ती गाडी पकडली.

बोळात शिरले तर दुकानाची पाटी उतरवलेली होती. आत दोन कामगार भिंतीवर फळ्या ठोकत होते. मोबाईलची कव्हरं आणि काचा बसवून देणारं दुकान येणार होतं तिथे. वरच्या खोलीत गेले. अप्पा खाटेवर बसले होते. खाटेच्या पायाशी दोन पिशव्या आणि एक वळकटी, सुतळीने बांधलेली.

“आलीस व्हय,” ते म्हणाले. “बस. च्या टाकतो.”

“अप्पा, हे काय?”

“खालचं दिलं, वरची खोली महिनाअखेर सोडायची हाय. मालकाला त्याच दिवशी सांगितलं.”

“काय झालं त्या दिवशी?”

त्यांनी चहा टाकला, मग सांगितलं. गल्लीतल्याच एका घरची नवरी होती, दुसऱ्या दिवशी हळद. तिच्या आईला अप्पांनीच लग्नात चुडा भरला होता. पोरगी हसत बोलत होती. अप्पांचा हात थरथरला आणि बांगडी वाढली. दुसरी घेतली, तीही वाढली. तिसरीची काच मनगटात घुसली, रक्त आलं. पोरीची आत्या उठली. “हात चालत न्हाईत तर गादीवर बसायचं कशाला,” म्हणाली. आणि उरलेला चुडा तसाच ठेवून पोरीला ओढत घेऊन गेली.

“पोरगी वळून बघत हुती,” अप्पा म्हणाले. “तिला नमस्कार करायचा हुता. आत्यानं करू दिला न्हाई.”

कप बशीत वाजत होता म्हणून त्यांनी तो खाली ठेवला.

“मग दुकान वाढवलं. तुझ्या दादाकडं, लेखाच्या फोनवर कळवलं. ह्या पिशव्या त्याच दिवशी बांधल्या. संध्याकाळपर्यंत म्हटलं, फोन येईल.”

त्यांनी खिशातून फोन काढला आणि लेखाचं उत्तर माझ्यापुढे धरलं. आमच्या मशीनचं मराठी होतं ते. ‘वा अप्पा. अभिनंदन. या वयात. मग बंगळुरूला आता थांबावं लागेल. काही घाई नाही.’

मी ते तिथे, त्या खोलीत, त्या पिशव्यांशेजारी बसून वाचलं. एकही शब्द कठोर नव्हता. सगळी वाक्यं व्याकरणशुद्ध होती. माझ्या ऑफिसात कोणालाही दाखवली असती तर तिघांनीही ‘बरोबर’ दाबलं असतं.

“मी म्हटलं, आसंल त्यांची काय तर अडचण,” अप्पा म्हणाले. “थांबा म्हणत्यात तर थांबायचं. पण अभिनंदन कशापायी, ते काय कळलं न्हाई. दुकान गेलं म्हणून अभिनंदन?”

मी त्यांना सगळं सांगितलं. मशीनने शब्दाचा उलटा अर्थ केला, लेखाला वाटलं तुम्ही दुकान मोठं केलंत, तीन बांगड्या हौसेने जास्त घातल्यात. ती खुळ्यासारखी रडतेय, दादा आजच रात्रीच्या गाडीने निघतोय. आणि वाक्य मी पास केलं होतं हेही सांगितलं. मग कुठूनतरी नारळाची गोष्ट निघाली, गुरुजींनी मोठा केलेला नारळ आणि माझ्या टेबलावरची चिठ्ठी.

अप्पा हसले. आधी नुसतेच ओठांतून, मग खांदे हलायला लागले. “नारळ मोठा केला,” ते परत परत म्हणत होते. डोळ्यांना पाणी आलं त्यांच्या. माझ्याही. मला वाटलं, सुटलो. गैरसमज होता, कळला, संपला. आता पिशव्या उचलायच्या आणि निघायचं.

तसं झालं नाही. दादा दुसऱ्या दिवशी आला, पाया पडला, लेखाने फोनवर पंचवीस वेळा ‘या’ म्हटलं. अप्पा सगळ्यांशी गोड बोलले आणि गेले नाहीत. कालिकादेवीच्या देवळामागे समाजाची एक खोली होती, ती त्यांनी आधीच बोलून ठेवली होती. तिथे ते चार वर्षं राहिले. बंगळुरूला एकदाच गेले, लेखाच्या मुलीच्या बारशाला, पाहुण्यासारखे तीन दिवस. खिडकीतलं नारळाचं झाड बघून चांगलं आहे म्हणाले. ॲप त्यांनी काढून टाकलं आणि नंतर दादाने घेऊन दिलेला तो फोनच त्याला परत दिला. आम्ही पुष्कळ वर्षं हेच म्हणत आलो की मशीनच्या एका चुकीने अप्पा दुरावले. लोकांना सांगायला ही गोष्ट बरी पडते. लोक आधी हसतात, मग हळहळतात. मीही ती तशीच सांगते. शेवटचं मात्र कोणाला सांगत नाही.

त्या रविवारी, नारळावरून हसून झाल्यावर, मी म्हटलं, “चला अप्पा, तयारी करा. झालं गेलं विसरा. मशीनला काय कळतंय?”

“मशीनचं काय न्हाई गं,” अप्पा डोळे पुसत म्हणाले. “त्याला कोण दोष देतंय? आन् लेखाचं तर न्हाईच न्हाई.”

त्यांनी फोनवर बोट फिरवलं. हात थरथरत होता, त्यामुळे दोनदा भलतंच उघडलं. मग त्यांना हवं ते सापडलं आणि फोन त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला. माझं आणि त्यांचं संभाषण होतं ते. एका बाजूला त्यांचं, ‘दुकान वाढवलं. जेवून घे.’ दुसऱ्या बाजूला माझा अंगठा. खाली पुन्हा तेच, पुन्हा अंगठा. शेकडो. सगळ्यात शेवटी बुधवार, दुपारी साडेचार. अंगठा. त्याच्यापुढे काही नाही.

“तुला मी मराठीतच लिवलं हुतं,” अप्पा म्हणाले. “दुपारच्या साडेचारला कोण दुकान वाढवतं, रेवा? म्हटलं, तू तरी इचारशील. अकरा दिवस म्हटलं, आज इचारशील.”

मी ती अंगठ्यांची रांग वर सरकवत राहिले.

“लेखाला मराठी येत न्हाई. मशीनलाबी येत न्हाई. तुला तर येतंय न्हवं?”

त्यांनी रागाने विचारलं नव्हतं. खरोखरच विचारलं होतं. मग माझी आणि त्यांची कपबशी उचलून ते मोरीत विसळायला गेले आणि मी त्या वाजणाऱ्या कपांचा आवाज ऐकत बसले.